ब्राक हा पिकासोचा शिष्य नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला क्यूबिझमवरचा, म्हणजे वस्तूंचे भौमितिक तुकडे करून चित्र मांडण्याच्या शैलीवरचा लेख वाचला. या विषयाला अर्धे पान दिलेत, बरे वाटले. पण त्या अर्ध्या पानात फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आले आणि तेही ‘पिकासोचा शिष्य’ एवढेच. सोबत चित्र छापले पिकासोचे ‘गेर्निका’. ते १९३७ चे; क्यूबिझमची खरी धामधूम १९०८ ते १९१४ मधली.

दोघांच्या वयात सात महिन्यांचेही अंतर नाही. पिकासोचे ‘आविन्यॉंच्या तरुणी’ १९०७ चे आणि ते पाहून ब्राक हादरला होता, हे मान्य. पण ‘क्यूब’ हा शब्द चिकटला तो ब्राकच्या चित्रांमुळे. १९०८ च्या उन्हाळ्यात लेस्ताक गावी काढलेली घरे-झाडांची चित्रे त्याने पॅरिसच्या प्रदर्शनाला पाठवली, निवड समितीने ती नाकारली. समितीत चित्रकार मातीस होता. मग कानवायलर या तरुण विक्रेत्याने ती आपल्या छोट्या गॅलरीत लावली आणि व्होक्सेल या समीक्षकाने ‘सगळ्याचे चौकोनी ठोकळे करतो’ अशा अर्थाची टिंगल केली. मूळ प्रेरणा आधीच्या पिढीतल्या सेझान या चित्रकाराची, तो १९०६ मध्येच गेला होता.

मी पाट्या रंगवणारा माणूस. फ्लेक्स आल्यावर आमचा धंदा बसला, तो विषय वेगळा. पण त्या धंद्यामुळेच ब्राक मला जवळचा वाटतो. त्याचे वडील आणि आजोबा घरे रंगवण्याचा व्यवसाय करत. तो स्वतःही तेच रीतसर शिकला होता. साध्या फळीवर ओल्या रंगातून फणी ओढून ओक लाकडाच्या रेषा उमटवायच्या, प्लास्टरवर संगमरवराचा भास आणायचा, स्टेन्सिलने अक्षरे मारायची, ही त्याची कामे. हे सगळे त्याने चित्रात आणले. १९११ च्या ‘पोर्तुगीज’ या चित्रात तपकिरी-करड्या तुकड्यांत एक वादक बसला आहे. तो सापडायला वेळ लागतो. वर मात्र ‘D BAL’ ही रोमन अक्षरे आणि खाली ‘१०, ४०’ हे आकडे स्टेन्सिलने ठणठणीत मारले आहेत. अक्षर सपाट असते, त्याला खोली नसते. ते पृष्ठभागावर बसले की मागचे सगळे आपोआप मागे सरकते. पाटीवर आम्ही हे रोज करत होतो, पण त्याचा असा उपयोग होईल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आले नसते!

शिष्याने गुरूला शिकवल्याचे उदाहरणही देतो. फणीची युक्ती पिकासोने ब्राककडून उचलली आणि १९१२ च्या ‘कवी’ या चित्रात तिने लाकूड नव्हे, माणसाचे केस काढले. हा खट्याळपणा पिकासोचाच, त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. त्याच वर्षी ब्राकने आविन्यॉंच्या एका दुकानात लाकडाच्या नक्षीचा वॉलपेपर पाहिला. असे सांगतात, की पिकासो पॅरिसला जाईपर्यंत तो थांबला आणि मगच जाऊन कागद घेऊन आला. तो कापून कोळशाच्या रेखाटनात चिकटवला आणि ‘फळांचे भांडे आणि ग्लास’ तयार झाले. पिकासोने त्याआधी मे महिन्यात कॅनव्हासवर वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेले मेणकापड चिकटवले होते. कोण पुढे, कोण मागे, याचा हिशोब त्या दोघांनाही लावता आला नसता. काही काळ तर सही चित्राच्या पुढे न करता मागे करत.

१९१४ मध्ये युद्ध लागले. ब्राक आघाडीवर गेला, पुढच्या वर्षी डोक्याला जबर जखम झाली आणि कवटीवर शस्त्रक्रिया करावी लागली. पिकासो स्पॅनिश, तो मागे राहिला. जोडी तिथेच फुटली. लेखात ब्राकला ‘शांत, सावलीतला’ म्हटले आहे. फ्रेंच सरकारने युद्धकाळात जप्त केलेल्या, कानवायलरच्या गॅलरीतल्या चित्रांचा १९२१ मध्ये मातीमोल भावाने लिलाव सुरू झाला, तेव्हा हाच शांत माणूस तज्ज्ञ म्हणून बसलेल्या दुसऱ्या एका विक्रेत्याच्या अंगावर धावून गेला होता.

ह्वान ग्रिस आणि लेजे या क्यूबिस्ट चित्रकारांची तर लेखात नावेही नाहीत. ‘आपल्याकडे याचे काही पडसाद उमटले नाहीत’ हे विधानही तपासून घ्यावे. जे. जे.मधून बाहेर पडलेले मुंबईचे चित्रकार जहांगीर साबावाला पॅरिसला आंद्रे लोत या क्यूबिस्टाच्या हाताखाली शिकले; त्यांच्या निसर्गचित्रांतले पैलू पाडल्यासारखे डोंगर कुठून आले हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर ब्राकचे ‘पोर्तुगीज’ छापावे. टपाल तिकिटाएवढे नको, निदान तीन कॉलम द्या, म्हणजे त्यातली अक्षरे वाचता येतील.

आपला,
एक पेंटर वाचक, सांगली