असो

आल्बा, इटली
शनिवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं, जेवल्याचं, स्वेटर घातल्याचं फोनवर सांगून झालंय. उरलंय ते फोनवर जमत नाही. बाबा, आपण दोघं फोनवर पावसापलीकडे जात नाही, मग तुम्ही फोन आईकडे देता. म्हणून लिहितोय.

तुरिनमधलं यंत्रांचं काम गुरुवारीच उरकलं आणि विमान सोमवारचं. आपण इतकी वर्षं लेबलं छापतो, तर अशी लेबलं ज्या वाइनच्या बाटल्यांवर चिकटतात त्या कुठून येतात ते तरी बघावं, म्हणून इकडे आलो. आल्बापासून बारोलो गाव पंधरा किलोमीटरवर, इथल्या वाइनचं नावही बारोलोच. गावं टेकड्यांच्या माथ्यावर आणि खाली उतारभर नुसत्या वेली. 2014 पासून या टेकड्या युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मला मात्र पहिल्या दिवशी दुपारपर्यंत धुक्याशिवाय काही दिसलं नाही. इथल्या द्राक्षाचं नाव नेब्योलो. धुक्याला इटालियनमध्ये ‘नेब्बिया’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं असं इथे सांगतात. बाकीची द्राक्षं खुडून झाली तरी हे वेलीवरच असतं. ऑक्टोबरात धुकं उतरायला लागतं तेव्हा कुठे पिकतं.

आई, तू आता कपाळाला हात लावला असशील. ऐक. चव घ्यायची असली की घोटभर तोंडात घेतात, खळखळून फिरवतात आणि भांड्यात थुंकतात. घरचे लोकही तेच करतात, कारण दिवसाला वीस-वीस प्याले चाखणारा माणूस नाहीतर उभा राहणार नाही. मी गाडी चालवत होतो, त्यामुळे इमानदारीत थुंकलो. पहिला घोट तर जिभेवर तुरटी फिरवल्यासारखा लागला. हा तुरटपणा साली आणि बियांचा. लाल रंगही सालीचाच, आतला रस जवळजवळ पाण्यासारखा असतो. म्हणून लाल वाइन करताना रस साली-बियांसकट आंबवतात. या भागातली जुनी रीत म्हणजे वर तरंगून येणाऱ्या साली लाकडी फळ्यांनी रसात दाबून ठेवायच्या, महिना-महिना, कधी त्याहूनही जास्त. मी गेलो तेव्हा यंदाचा माल तसाच दाबलेला होता. तळघराच्या पायऱ्या उतरतानाच वास अंगावर आला.

दोन दिवसांत तीन घरं पाहिली. घरंच म्हणतो, कारण वर बिऱ्हाड आणि खाली तळघर. आधी मेल करून वेळ ठरवावी लागते, कारण दाखवायला वेगळा माणूस नसतो. जो ट्रॅक्टर चालवतो तोच हात पुसत येतो. दोन ठिकाणांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, लोक भले होते. तिसऱ्या घराबद्दल सांगतो.

तिथे एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे. कारभार मुलीकडे. नातू आल्बाच्या वाइनशाळेत शिकतो. तळघरात ओकची मोठमोठी पिंपं, एकेक माझ्यापेक्षा उंच, काही हजार लिटरची. पिंपाला समोर खाली एक छोटं दार असतं. पिंप रिकामं झालं की त्यातून आत शिरून घासायचं. सध्या हे काम नातवाकडे, कारण घरात त्याच्याएवढं बारीक कोणी उरलेलं नाही. हे सांगताना त्याच्या आईनं स्वतःच्या कमरेकडे बोट दाखवलं.

बाबा, तुम्ही असतात तर पहिला प्रश्न भांडवलाचा विचारला असता. मीही तोच विचारला. बारोलो म्हणून विकायचं तर कायद्यानं माल किमान 38 महिने मुरवावा लागतो, त्यातले 18 महिने लाकडात. ‘रिझर्व्हा’ लिहायचं असेल तर 62 महिने. म्हणजे खाली कायम तीन-चार हंगामांचा पैसा अडकलेला. वर एका हेक्टरातून आठ टनांपेक्षा जास्त द्राक्ष घेता येत नाही. उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर लावलेलं चालत नाही. मी म्हटलं, एवढ्या अटींत धंदा कसा करता? मुलगी म्हणाली, धंदा वडिलांनी केला, आम्ही फक्त वाट बघतो.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवलं. आजोबांनी मुलीमार्फत विचारलं, वडील काय करतात? मी सांगितलं, छापखाना. सुरुवात खिळ्यांची, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून ट्रेडल या जुन्या मशीनवर छापायची. आजोबांचे डोळे चमकले. त्यांच्या वडिलांची लेबलंही गावातल्या कुणीतरी खिळे जुळवूनच छापलेली. कपाटातून एक काढून आणलं. मी सवयीनं मागून बोट फिरवलं. अक्षरांचा दाब कागदात उतरलेला होता, हाताला लागत होता. त्यांनी विचारलं, ते मशीन अजून आहे? मी म्हटलं, नाही, विकलं.

आजोबा म्हणाले, “दारमाजी.”

मुलगी हसली. हा त्यांच्या बोलीतला शब्द. अर्थ साधारण, ‘अरेरे, वाईट झालं’. आणि मग तिनं त्या शब्दाची गोष्ट सांगितली. शेजारच्या बार्बारेस्कोत गाया म्हणून मोठं घराणं आहे, 1859 पासूनचं. त्यांच्यातल्या आंजेलो गायानं 1978 मध्ये घराजवळच्या चांगल्या उतारावरचं नेब्योलो काढून तिथे काबेर्ने सोव्हिन्यों ही परकी फ्रेंच जात लावली. त्याच्या वडिलांनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाले, ‘दारमाजी’. मुलानं पुढे त्या वाइनचं नावच ‘दारमाजी’ ठेवलं. आजही लेबलावर तेच असतं.

बाबा, मला पुढचं नीट ऐकू आलं नाही.

नऊ वर्षं झाली. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तुम्ही पंधरा दिवस घरी होतात, आणि मी ट्रेडल काढलं. जागा हवी होती, नवीन मशीन बुक केलेलं होतं, हे खरं. पण तुम्ही घरी असतानाचे दिवस मी मुद्दाम निवडले, हेही खरं. तुम्ही आलात, चष्मा काढून त्या रिकाम्या फरशीकडे पाहिलंत, चार बोल्टांची भोकं होती. “खिळे पण?” म्हणालात. मी म्हटलं, शिशाच्या भावानं गेले. तुम्ही म्हणालात, “असो.” आणि ऑफिसात जाऊन बिलं बघायला बसलात. पुन्हा कधी विषय काढला नाहीत. मी त्याचा अर्थ सोयीनं ‘बाबांना पटलं’ असा लावला.

इथे जुन्या-नव्याची ही भांडणं जाहीर झालेली आहेत, निदान त्यांना नावं आहेत. ला मोरा गावचा एलिओ अल्तारे 1976 मध्ये फ्रान्समधल्या बर्गंडीत जाऊन आला. तिथली छोटी, 225 लिटरच्या आसपासची नवी ओक पिंपं, ज्यांना ‘बॅरिक’ म्हणतात, त्याला पटली. 1983 मध्ये त्यानं वडिलांची जुनी मोठी पिंपं यांत्रिक करवतीनं कापून काढली. वडिलांनी त्याला वारसातून काढलं. दोन वर्षांनी वडील गेले, समेट न होताच, आणि घरची जमीन त्याला भावंडांकडून विकत घ्यावी लागली. दुसऱ्या टोकाला बारोलो गावातले बार्तोलो मास्कारेल्लो. त्यांनी बॅरिक शेवटपर्यंत तळघरात येऊ दिलं नाही. उतारवयात व्हीलचेअरवर बसून लेबलं हातानं रंगवायचे. एकावर लिहिलं होतं, बॅरिक नको, बेर्लुस्कोनी नको! (बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीतले राजकारणी, पंतप्रधानही झालेले.) 2005 मध्ये ते गेले. आता मुलगी बघते, त्यांच्याच रीतीनं. हातानं रंगवलेली लेबलं, बाबा! आपल्याकडे कोणी असा जॉब घेऊन आला असता तर मी त्याला डिजिटलचा कोटेशन दिला असता.

कोण बरोबर, हे मी त्या मुलीला विचारलं. तिनं खांदे उडवले. अल्तारेचा माल जगानं डोक्यावर घेतला, त्यानं या टेकड्यांना पैसा दाखवला, हे कोणी नाकारत नाही. तरी ज्यांनी तेव्हा बॅरिकं आणली त्यांतले बरेच जण आता पुन्हा मोठ्या पिंपांकडे वळलेत, छोट्यात द्राक्षापेक्षा लाकडाचीच चव जास्त लागते म्हणून. गायांच्या घरात तर गंमतच. आंजेलोंनी 1996 च्या हंगामापासून आपल्या सर्वात नावाजलेल्या वाइन्सवरून बार्बारेस्को हे गावाचं, आणि तिथल्या वाइनचंही, नाव काढलं होतं, कारण त्यांना नेब्योलोत थोडं दुसरं द्राक्ष मिसळायचं होतं. 2013 च्या हंगामापासून त्यांच्या मुलांच्या पिढीनं ते मिसळणं बंद करून नाव परत आणलं. आंजेलो तेव्हा काय म्हणाले असतील कोण जाणे.

मला ट्रेडल परत आणता येणार नाही. नवं ऑफसेट मशीन घेतलं हे चुकलं असंही मला वाटत नाही, त्यावरच आपलं घर चाललं. तुम्हाला न विचारता केलं, ते चुकलं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं, आणि मी नऊ वर्षं पावसावर बोलत राहिलो.

निघताना आजोबांनी त्यांच्या वडिलांचं एक लेबल दिलं, तुमच्यासाठी. कागदाच्या मागून बोट फिरवून बघा. त्या घरची एक बाटलीही आणतोय. ती आडवी ठेवायची, अंधारात, आणि दहा वर्षं तरी उघडायची नाही असं बजावलंय. आई, देवघराजवळ ठेवणार नाही, काळजी नको.

आणखी एक. तुमच्या कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या पावतीपुस्तकांच्या मागे, खिळे जुळवायची पितळी स्टिक आहे. ती तुम्ही जुळारीकाकांच्या टेबलावरून कधी उचललीत ते मला माहीत नाही, पण ती तिथे आहे हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे. मी येईपर्यंत काढून पुसून ठेवा. तिच्यात दोनचार खिळेही अडकलेले आहेत, एक ‘ळ’ तर नक्की आहे.

मंगळवारी सकाळी पोचतो.

तुमचा,
बाळू