लिव्हर पंप केल्याशिवाय गाडी हलवायची नाही!

प्रिय सुन्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, आधी हसलो आणि मग घाम फुटला. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून लिहितोय, आता वाचावंच लागेल.

नवे ब्रेक पॅड टाकलेस, गाडी स्टार्ट केलीस आणि पार्किंगच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट ग्रिपला टेकला. तू म्हणतोस पॅड डुप्लिकेट निघाले. नाही रे बाबा, पॅडचा काही दोष नाही. जाड पॅड बसावेत म्हणून तू पिस्टन, म्हणजे पॅडला डिस्कवर दाबणारे दट्टे, आत ढकललेस ना, मग ते आतच बसून राहिले, पॅड आणि डिस्कमध्ये फट राहिली. पहिले काही दाब फक्त ती फट भरण्यातच जातात, तोपर्यंत ब्रेक नावाची गोष्ट गाडीला नसते. म्हणून काम झालं की गाडी डबल स्टँडवर असतानाच लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करायचा, चाक फिरवून दाबून बघायचं, मगच स्टँड काढायचा. पार्किंगच्या उतारावर निभावलं, हेच नवले पुलाच्या उतारावर झालं असतं तर वहिनींना काय सांगितलं असतं आम्ही?

आता दुसरी गंमत. तू म्हणालास की पेट्रोलच्या टाकीवरचा रंग फुगला. पॅड झिजत जातात तसे पिस्टन बाहेर येतात आणि हँडलवरच्या डबीतली ब्रेक ऑइलची लेव्हल खाली जाते, हे नॉर्मल आहे. तुझ्या गॅरेजवाल्याने मधे कधीतरी लेव्हल कमी दिसली म्हणून वरून ब्रेक ऑइल ओतून दिलं असणार, पॅड न बघताच. मग तू पिस्टन ढकललेस तेव्हा ते सगळं परत वर आलं, डबीत मावलं नाही आणि टाकीवर सांडलं. ते रंग खातं, सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, फडक्याने नुसतं पुसत बसायचं नाही. म्हणून लेव्हल उतरलेली दिसली की आधी वाकून पॅड बघायचे. बहुतेक पॅडवर खाच असते, ती दिसेनाशी व्हायला आली की बदलायचे, मटेरियल एक मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत ताणायचं नाही. आणि पॅड ठीक असून लेव्हल उतरतेय तर कुठेतरी गळतंय, मग गाडी जागची हलवायची नाही.

पिस्टन ढकलायच्या आधी साफ केलेस का, हे तू सांगितलंच नाहीस, म्हणजे नसणारच. पॅड काढल्यावर पिस्टनचा जो भाग बाहेर दिसतो त्यावर पॅडची काळी पूड आणि पावसाळ्यातला चिखल मिळून एक खडबडीत थर बसलेला असतो, नख लावलं तरी कळतं. त्याच्या मागे चौकोनी काठाचं रबर सील असतं आणि खरं काम तेच करतं, लिव्हर दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळलं जातं आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे खेचतं, म्हणून तर पॅड डिस्कला घासत राहत नाहीत. आता तो खडबडीत थर तसाच आत ढकललास तर सील खराब होणार, मग ब्रेक जाम तरी होणार नाहीतर गळणार. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, कोरडं फडकं, बास. पेट्रोल नाही, डिझेल नाही, गंज काढायचा स्प्रे तर अजिबात नाही, ते रबर फुगवतं. आणि पॅड बाहेर असताना चुकूनसुद्धा लिव्हर दाबू नकोस, पिस्टनच बाहेर येईल. कॅलिपर, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणारा तो चिमटा, नळीवर लोंबकळत ठेवू नकोस, सुतळीने फोर्कला बांध.

कॅलिपरच्या बोल्टचं पण ऐक. अंगातली सगळी ताकद लावून पाना ओढलास की ॲल्युमिनियममधले आटे जातात, आणि हलकं ठेवलंस तर कॅलिपर सुटतो. मॅन्युअलमध्ये टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा असतो, टॉर्क रेंच माझ्याकडे आहे, घेऊन जा. विकत घ्यायचाच तर नाना पेठेत बघ, पण जुन्या बाजारातला घेऊ नकोस, तो किती खरा सांगतो कुणाला माहीत.

आमच्या सोसायटीतल्या एकाने चेनला लूब मारलं, चाक फिरवत फिरवत, आणि फवारा गेला मागच्या डिस्कवर. दुसऱ्याच्या गाडीला वॉशिंगवाल्याने टायरसकट डिस्कलाही चकचकीत पॉलिश मारून दिलं. दोघांचेही पॅड फेकावे लागले. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा ब्रेक क्लीनरने साफ होते, पण तेल प्यायलेल्या पॅडवर पॉलिश पेपर घासून काही भरवसा नाही, माझं मत विचारशील तर दोन-चारशे रुपयांसाठी जीव टांगायचा नाही.

तुझं मागचं ड्रम आहे, ते त्यामानाने सोपं. पेडलचा मोकळा खेळ साधारण दोन-तीन सेंटिमीटर, तुझ्या गाडीचा नेमका मॅन्युअलमध्ये बघ, नट आवळून चाक हाताने मोकळं फिरतंय ना ते पाहा. ब्रेक धरल्यावर ड्रमवरचा आर्म आणि पेडलकडून येणारा रॉड यांचा कोन काटकोनाच्या पलीकडे जायला लागला किंवा आर्मजवळचा बाण खुणेपर्यंत आला की शू, म्हणजे ड्रमच्या आतले पॅडच, संपले, नट आवळून काही होणार नाही. ड्रम उघडलास तर आतली पूड तोंडाने फुंकू नकोस, जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पूस.

ब्रेक ऑइल बदलायचं मात्र तू एकट्याने करू नकोस, एवढं ऐक माझं. हवा आत राहिली की संपलं. आणि बदलणं तर गरजेचंच आहे, कारण हे ऑइल हवेतलं बाष्प ओढून घेतं, डॉट ४ हा प्रकार ताजा असताना किमान २३० डिग्रीला उकळतं आणि पाणी शोषलं की ती मर्यादा १५५ वर येते. सिंहगडावरून लोक न्यूट्रलमध्ये ब्रेक धरून उतरतात ना, त्यांचं हेच होतं, आत वाफ होते आणि वाफ दाबली जाते, मग लिव्हर मऊ. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा ना राव, इंजिन कशाला आहे? दोन वर्षांत एकदा ऑइल बदललंच पाहिजे. तुझी गाडी २०१६ ची, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, म्हणून घरी जमेल. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं झालंय, तसली असती तर मी सरळ सर्व्हिस सेंटरला पाठवलं असतं.

तर रविवारी सकाळी धनकवडीला ये, वाकडहून लांब पडतं वगैरे ऐकणार नाही. सीलबंद डॉट ४ ची बाटली आण, उघडून ठेवलेली नको, आणि डबीच्या झाकणावर डॉट ४ च लिहिलंय ना ते आधी बघ. फिश टँकची पारदर्शक नळी आणि रिंग पाना माझ्याकडे आहे. तू लिव्हर दाबून धरायचास, मी निपल (कॅलिपरवरचा ऑइल आणि हवा सोडायचा स्क्रू) उघडून परत बंद केल्यावरच सोडायचास, मधे मोबाइल बघितलास तर हवा परत आत आणि पहिल्यापासून सुरू. आणि येताना हळू ये, नवे पॅड पहिले शंभर-दोनशे किलोमीटर नीट पकडत नाहीत, पुढच्याच्या डिकीला चिकटून चालवू नकोस. नऊच्या आत पोच, नंतर पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट सुरू करतात.

तुझा,
मंग्या