गड्ड्याच्या जत्रेआधी वायरी उचलताना

सोलापूर,
६ जानेवारी २०२६

प्रिय नंदू,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज मिळाला. दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा शेजारची पिठाची गिरणी चालू होती. उत्तर फोनवरच देणार होतो, पण फोनवर आपण दोघं भांडतो आणि मुद्दा राहून जातो. म्हणून वही काढली. रजिस्टरने पाठवावं म्हटलं, तर पोस्टातला पोरगा म्हणाला, "काका, रजिस्टर आता स्पीड पोस्टात मिसळलं." बरं, स्पीड तर स्पीड. तुला वाचायची घाई नाही, मला लिहायची नाही.

तर तुझ्या सोसायटीत ठराव येतोय की सोळा वर्षांखालच्या पोरांना फोन नको. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबरपासून सोळाच्या आतल्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद करायला लावली, मग आपल्याकडे का नाही, असं तुमचे सेक्रेटरी म्हणतात. आणि तू मला विचारतोस, "तीस वर्षं तू लोकांच्या घरात टीव्ही घातलास, तुझं मत काय?" टोमणा पोचला बे. पुण्यात राहून गोड बोलायला शिकलास, पण चिमटा सोलापुरीच राहिला.

मत सांगतो, पण वळसा घालून.

मी १९९२ला गच्चीवर डिश बसवली तेव्हा तूच खाली उभा राहून "मुंग्या येतात, अजून डावीकडे" असं ओरडत होतास. पहिली बारा घरं आपल्या गल्लीतली. मग पूर्व भागात शिरलो आणि धंदा खरा तिथं वाढला. यंत्रमाग, विडीची सुपं, घरात तेलुगू, बाहेर मराठी, मागच्या गल्लीत कन्नड. दुपारी बायका विड्या वळत बसायच्या, हात तेंदूच्या पानावर आणि कान टीव्हीवर. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला वर मान करून बघायला सवड नसते, ती मालिका ऐकते. त्यामुळे चित्रात मुंग्या आल्या तर तक्रार नाही, आवाज गेला की मात्र पाचव्या मिनिटाला पोरगा दारात, "मल्लूअण्णा, आवाज!"

तेव्हा कायदा नव्हता. १९९५ला केबलचा कायदा आला आणि मी हेड पोस्टात जाऊन अर्ज भरला. हसू नकोस, केबलवाल्याची नोंदणी पोस्टातच व्हायची. वर प्रोग्राम कोड होता. जे दाखवशील त्याला तू जबाबदार, आणि चुकलास तर मशीन जप्त. कलेक्टर कचेरीत करमणूक कर वेगळा. त्या कायद्याला आम्ही भरपूर शिव्या दिल्या. खरं सांगायचं तर आम्हीही धुतल्या तांदळाचे नव्हतो. शंभर घरं कागदावर आणि तीनशे तारेवर, हा गावोगावचा रिवाज होता. रात्री व्हीसीआरवर नवा सिनेमा कोण लावायचं, ते तुला माहीत आहे. कॅसेट आणायला तूच जायचास.

पुढे डिजिटल आलं. ३१ मार्च २०१३ ही तारीख माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की लक्षात आहे. देशातल्या ३८ शहरांच्या यादीत सोलापूर होतं. त्या दिवसापासून सेट-टॉप बॉक्सचा डबा नाही तर चित्र नाही. मी कर्ज काढून डबे आणले आणि लोकांनी मला पैशाला चटावलेला ठरवलं. दिल्लीचा हेतू मला पटत होता, आमची तीनशेची शंभर घरं त्यांना मोजायची होती. फक्त ती मोजायला ज्याच्या खिशात हात घातला, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

पण २०१९ची गोष्ट मात्र तुला नीट सांगायची आहे, कारण ती पेपरात फारशी आली नाही. फेब्रुवारीपासून ट्रायचा, म्हणजे दिल्लीतल्या दूरसंचार नियामकाचा, नवा दर लागू झाला. १०० चॅनेलला १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि वर तुम्हाला हवी ती पैशाची चॅनेल निवडा. कागदावर सुंदर. ग्राहक राजा. आता आमच्या भागातलं घर घे. सासूला तेलुगू हवं. नातवंडं मराठी शाळेत, त्यांना मराठी हवं. सून विजापूरकडची, तिला कन्नड. नवऱ्याला क्रिकेट. कंपन्यांनी पॅक बांधले होते राज्य बघून: महाराष्ट्रात मराठी, आंध्र-तेलंगणात तेलुगू, कर्नाटकात कन्नड. जो आधी माझ्याकडे एका रकमेत सगळं बघायचा, त्याला तीन राज्यांचे तीन पॅक घ्यावे लागले. हा नियम करणाऱ्याने कन्ना चौकात एक दुपार काढली असती, तर एक घर म्हणजे एक भाषा असं त्याने धरलं नसतं.

एक म्हातारी, चाळीस वर्षं विड्या वळलेली, बोटं वाकडी झालेली, माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "अण्णा, माझं तेलुगू तू काढून घेतलंस." मी मोबाइलवर परिपत्रक दाखवत होतो. तिला परिपत्रकाशी काय करायचंय? तिला मी दिसत होतो.

ती म्हातारी आता काय करते माहितीये? नातवाच्या फोनवर यूट्यूबवर तेलुगू मालिका ऐकते. फोन सुपाच्या कडेला टेकवून. तो नवा दर आला तोवर जिओ येऊन अडीच वर्षं झाली होती, लोकांनी माझ्याशी भांडणं सोडून वायरच सोडली. चॅनेलच्या दरावर पुढेही ट्राय, कंपन्या, कोर्ट असं चाललंच. त्या बातम्या मी वाचत होतो आणि गिऱ्हाईक एकेक करून डबा परत आणून देत होतं. भांडण ज्या वस्तूवर, ती वस्तूच लोकांच्या घरातून निघून चाललेली.

आता जे तुला कधी सांगितलं नाही, ते सांगतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी म्हणून पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेवर फिरणारे, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. आपल्या लहानपणी डौर वाजवत गल्लीत यायचे, तुझी आई पीठ घालायची, आठवतं?

त्याच्या काही दिवस आधी मला मेव्हण्याकडून एक मेसेज आला होता. टोळी उतरली आहे, पोरांना सांभाळा. बरोबर क्लिप होती, मोटारसायकलवरून दोघं येतात आणि खेळतं पोर उचलून नेतात. मी तो ग्राहकांच्या ग्रुपवर टाकला. लाइन बंद, वसुलीला येतोय, असले निरोप टाकायचा तो ग्रुप, अडीचशेच्या आसपास माणसं. वर माझ्याकडून दोन शब्द घातले: "काळजी घ्या." लोकांनी हात जोडले, आभार मानले. नंतर कळलं की ती क्लिप कराचीतल्या, मुलांच्या सुरक्षेबद्दलच्या जाहिरातीची होती. मुळात ते दोघं पोराला लगेच परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. शेवट कुणीतरी कापलेला.

माझा मेसेज राईनपाड्याला पोचला असं मी म्हणत नाही. पण तसल्या मेसेजचं जे पाणी गावोगाव साचलं होतं, त्यात माझी एक बादली होती. मी माझ्या फोनमधून मेसेज डिलीट केला आणि गप्प बसलो. बायकोलाही बोललो नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवायची मर्यादा घातली, पुढच्या वर्षी सगळ्या जगाला. मग २०२१च्या नियमात सरकारने म्हटलं की गुन्ह्याच्या तपासात मागितलं तर मेसेज पहिला कुणी सोडला, ते कंपनीने सांगायचं. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली. पहिला शोधायचा तर प्रत्येकाच्या बंद पाकिटावर खूण करून ठेवावी लागेल, असं तिचं म्हणणं. टीव्हीवर दोन्हीकडचे वकील आले. मी दोन्हीकडचं ऐकलं आणि दोन्हीकडचं थोडंथोडं पटलं. पण त्यात मी कुठंच नव्हतो. पहिला सापडला तर तो कात्री चालवणारा सापडेल. मी त्यानंतरचा दहा हजारावा असेन. माझ्यासारख्यावर लोकांचा विश्वास, कारण मी त्यांच्या घरी येतो, त्यांच्या टीव्हीमागची धूळ मला माहीत. "मल्लूअण्णाने पाठवलंय म्हणजे खरं असणार." या ओळीला कुठल्या कायद्यात कलम आहे?

आणि हे मला डाचतं ते यासाठी. आपल्या गावात वर्तमानपत्र काढणं म्हणजे काय, ते हुतात्मा चौकातून जाताना आठवतं. कुर्बान हुसेन 'गझनफर' काढायचे. १९३०ला सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं, त्यातले एक. छापणाऱ्याचं नाव कागदावर हवं, हा १८६७चा कायदा. सरकारने त्याचा वापर माणसं पकडायला केला, ते वाईटच. पण लिहिणाऱ्याचं नाव खाली असायचं आणि तो त्याची किंमत मोजायला उभा असायचा. मी हेड पोस्टात अर्ज भरला, माझंही नाव होतं. ज्या धंद्यात मी एक कुस्तीचा सामना दाखवला तरी सरकारला उत्तर द्यायला बांधील होतो, त्या धंद्यात माझ्या हातून कुणाचं वाकडं झालं नाही. आणि जिथं झालं असेल, तिथं मी फक्त एक बोट टेकवलं होतं.

आत्ता महापालिकेची निवडणूक आहे, १५ला मतदान, ऐन संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. एक उमेदवार परवा आला, म्हणाला लोकल चॅनेलवर पट्टी चालव. मी म्हटलं, आधी निवडणुकीच्या जाहिराती तपासणाऱ्या समितीकडून प्रमाणपत्र आण. तो हसला. म्हणाला, "अण्णा, तुमची पट्टी बघतो कोण? माझी चाळीस पोरं स्टेटस लावतात." खरंच होतं. मी त्याला चहा पाजला.

आता तुझ्या ठरावाकडे येतो. मी सही करणार नाही. पोरांना फोन द्यावा म्हणून नव्हे. आमच्या घरातलं सांगतो म्हणजे कळेल. २०२३चा डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो, अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची पडताळून घेतलेली संमती हवी. उत्तम. आमच्या घरात संमतीचा ओटीपी येतो हिच्या फोनवर, आणि हिला तो वाचून दाखवते तेरा वर्षांची नात. लाडकी बहीणचं ई-केवायसी झालं तेव्हा हिचा आधार नंबर, माझा आधार नंबर, दोघांचे ओटीपी, सगळं तिनेच केलं, शेंगा खात खात. गल्लीतल्या सात-आठ बायकांचंही तिनेच करून दिलं. ऑस्ट्रेलियाचं मला माहीत नाही, पण इथं सोळाच्या आतल्या पोरांचे फोन काढून घेतले तर सरकारच्या योजना बंद पडतील, लिहून ठेव.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं तुला माहीत असेल. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. २०२२च्या १५ ऑगस्टपासून. ते मला आवडतं, कारण भोंगा पोरांसाठी वाजतो पण बंद आईबापाचाही करावा लागतो, आणि वाजवणारा रोज समोर दिसतो. नाही पटलं तर त्याच्या दारात जाऊन भांडता येतं. तुझ्या सोसायटीत सेक्रेटरींना विचार, सातला तुम्ही तुमचा फोन वॉचमनकडे ठेवणार का. ठेवणार असतील तर मला कळव, मी पुण्याला येऊन सही करतो.

आमच्या बोळात मी हा प्रयोग करून बघितला होता, दिवाळीत. भोंगा नव्हता म्हणून मी माझ्या हातातली एकमेव वस्तू वापरली: साडेसात ते साडेआठ लाइनच बंद केली. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं बिघाड. दुसऱ्या दिवशी सगळे फोनवर. तिसऱ्या दिवशी तीन कनेक्शनं कटली. चौथा दिवस आला नाही. हस आता.

बाकी ठीक. शेंगाचटणी स्पीड पोस्टाने पाठवत नाही, तेल गळतं, येशील तेव्हा घेऊन जा. मंगळवेढ्याला एकदा जाऊन यावं असं सात वर्षं मनात आहे. कुणाकडे जायचं, काय बोलायचं, काही सुचत नाही. तू बरोबर असलास तर गाडीत तरी बसेन.

गड्ड्याला ये, सिद्धेश्वराच्या जत्रेला. नंदीध्वजांच्या वाटेवरच्या वायरी आम्ही दरवर्षी आधी सोडवून घेतो. सात काठ्या त्या उंचीच्या, एखादी तार आडवी आली तर अख्खी मिरवणूक थांबते आणि शिव्या केबलवाल्याला. पूर्वी या कामाला मला चार पोरं आणि दोन दिवस लागायचे, इतकी जाळी होती वर. काल सकाळी शिडी घेऊन एकटा गेलो. अकरापर्यंत काम संपलं, वरती दोनच तारा राहिल्यात माझ्या. तशीच शिडी भिंतीला लावून खाली चहा घेतला.

तुझा,
मल्लू