वजन बरोबर आहे म्हणजे मूल नीट जेवतंय असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांच्या खाण्याचा विषय निघाला की गाडी लगेच वजनावर येते, कमी असेल तर "खायला घाला", जास्त असेल तर "कमी द्या", आणि चार्टवर बरोबर बसलं की विषय संपला. मला या तिसऱ्या प्रकाराबद्दलच लिहायचंय, कारण माझ्या मुलाचं वजन वयाप्रमाणे ठीक आहे म्हणून तो खातो काय हे तपासणीत कोणी विचारतच नाही, आणि तो खातो मोजके पाच-सहा पदार्थ, सगळे फिक्या रंगाचे आणि कुरकुरीत.

2013 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक विश्लेषण झालं होतं, त्यात ऑटिस्टिक मुलांमध्ये खाण्याच्या अडचणी असण्याची शक्यता इतर मुलांच्या साधारण पाचपट निघाली, कॅल्शियम आणि प्रोटीनही कमी पोटात जात होतं, पण उंची-वजनात तसा फरक दिसला नाही. म्हणजे काट्यावर काहीच कळत नाही! बिस्किटं, चिप्स यातून कॅलरी भरून निघतात हो, पण व्हिटॅमिन सी कुठून येणार? फारच मोजकं खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांना स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडून होणारा आजार, झाल्याच्या केसेस मेडिकल जर्नल्समध्ये आहेत, मूल लंगडायला लागतं, चालायला नको म्हणतं, आणि खाण्याबद्दल कोणी विचारलेलंच नसतं म्हणून आधी हाडांच्या नाहीतर सांध्यांच्या तपासण्या होत राहतात.

आणि कृपा करून याला लाड म्हणू नका. वास, रंग, तोंडात कसं लागतं हे सगळं या मुलांना फार तीव्र जाणवू शकतं. माझा मुलगा जे बिस्किट रोज खायचा त्याचं पाकीट कंपनीने बदललं, बिस्किट तेच, पण त्याने हातात घेतलं, वास घेतला, ठेवून दिलं आणि परत कधी तोंडात घातलं नाही. "भूक लागली की खाईल" हे इथे चालत नाही, काही मुलांना भूक लागलीये हेच नीट कळत नाही, काहींना कायम बद्धकोष्ठता असते आणि पोट गच्च असताना कोण जेवेल? ग्लुटेन (गव्हातलं प्रोटीन) आणि दूध बंद करा सांगणारे तर पावलोपावली भेटतात, त्याने ऑटिझममध्ये फरक पडतो याला ठोस पुरावा नाही आणि आधीच छोटी असलेली यादी अजून छोटी होते ते वेगळंच.

दुसरी बाजू औषधांची. चिडचिड, स्वतःला मारून घेणं यासाठी रिस्पेरिडोन देतात, त्याचा उपयोग होतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण 2002 च्या चाचणीत 8 आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी 2.7 किलो वाढलं, दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं 0.8 किलो. आम्हाला चिठ्ठी देताना भूक एवढी वाढेल हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर वजन वाढल्यावर बोलणी मात्र आईने खायची.

औषध सुरू करायच्या आधी उंची-वजनाची नोंद, मग दर भेटीला परत, आणि वजन काहीही असो, मूल काय काय खातं याची यादी फाईलमध्ये, एवढं तरी व्हावं. आपल्या आरोग्य पानावर आहारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (खाण्यासारख्या रोजच्या गोष्टी मुलाला जमाव्यात म्हणून मदत करणारे) दोघांकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं ही विनंती, नवीन पदार्थ ताटाशेजारी ठेवण्यापासून जिभेला लावण्यापर्यंत हळूहळू कसं न्यायचं हे बऱ्याच घरांत माहीतच नाही, तिथे अजून नाक दाबून घास भरवणं चालू आहे.

आपली,
एक आई