सत्तरच्या दशकाची बाजू मांडताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या हॉस्टेलवरच्या वादाचा मेसेज वाचला. सत्तरच्या दशकातले सिनेमे आणि त्यांचं संगीत सरस, ही बाजू तुझ्याकडे आणि समोर नव्वदवाले. बाजू भक्कम आहे, पण "तेव्हाची गाणी काय होती!" एवढ्यावर भागणार नाही. तेही त्यांच्या गाण्यांबद्दल तेच म्हणतील आणि रात्री दोनला सगळे झोपायला जातील.

आधी तारखा नीट बघ. 'आराधना' १९६९चा, 'पडोसन' १९६८चा, 'कर्ज' १९८०चा. हे तिन्ही सर्रास सत्तरच्या यादीत घुसवले जातात आणि समोरच्याने फोनवर साल बघितलं की पुढचं कुणी ऐकून घेत नाही. 'पाकीजा'चं प्रकरण तर फारच अवघड. प्रदर्शित झाला फेब्रुवारी १९७२मध्ये, पण संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८मध्येच गेले होते. गाणी आधीच्या काळातली, पार्श्वसंगीत नंतर नौशाद यांनी पूर्ण केलं. तेव्हा 'पाकीजा'ची गाणी सत्तरची म्हणायची की आधीची? सिनेमा तुझ्या दशकाचा धर, संगीताचं श्रेय मागच्या दशकाला देऊन टाक. एवढं सोडलंस की पुढच्या दाव्यांवर लोक विश्वास ठेवतील.

दुसरी गोष्ट, सिनेमा, गाणी आणि पार्श्वसंगीत ही तीन वेगळी खाती आहेत, एकातली जमा दुसऱ्यात दाखवू नकोस. 'दीवार' (१९७५) सिनेमा म्हणून पहिल्या रांगेतला, पण त्यातली गाणी किती जणांना आठवतात विचार. ती पंचमचीच, म्हणजे आर. डी. बर्मनचीच आहेत, तरी. कारण पटकथेतच आहे: अमिताभचा विजय गातच नाही, गाणी शशी कपूर-नीतू सिंगच्या वाट्याला. 'जंजीर'मध्येही (१९७३) तोच प्रकार, 'यारी है ईमान मेरा' प्राणवर आहे, नायक ऐकत बसलेला. संतापलेला नायक आला आणि गाण्याची हुकमी जागाच गेली. उलटं उदाहरण 'शालीमार' (१९७८): सिनेमा सपशेल पडला, 'हम बेवफा' आजही वाजतं. ही उदाहरणं तू स्वतःहून आधी दे. त्यांनी दिली तर ती तुझ्या विरोधात जातील.

माझं मत विचारशील तर सत्तरची खरी कमाई पार्श्वसंगीतात आहे. तिथे नव्वदवाल्यांकडे उत्तर कमी आहे, म्हणून वेळ तिथे घालव. 'शोले' (१९७५) घे. गाण्यांच्या बाबतीत तो पंचमच्या पहिल्या पाचांतही मी धरणार नाही, आणि संवादांची वेगळी रेकॉर्ड पॉलिडॉरने काढली ती उगीच नाही. पण कानांनी बघ. बसंतीचा टांगा डाकूंच्या पुढे पळतो तिथे पंडित सामताप्रसाद यांचा तबला आहे. टापांचा ठेका आणि तबल्याचा ठेका एकमेकांत असे मिसळलेत की कुठला कुठे संपतो कळत नाही. व्हायोलिनांचा ताफा लावून कुणीही पाठलाग रंगवला असता. ठाकूरच्या घरचं हत्याकांड बघ: तिथे संगीत जवळपास बाजूला सरतं आणि झोपाळ्याची करकर कानात राहते. आणि जय संध्याकाळी माउथ ऑर्गन वाजवतो, समोर राधा एकेक दिवा मालवते. ते माउथ ऑर्गन भानू गुप्ता यांनी वाजवलंय. दोघांत एक शब्द नाही, सगळं नातं त्या एका सुरावटीवर चालतं. शेवटी ती सुरावट परत येते तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. हा दीड-दोन मिनिटांचा तुकडाच वाजवून दाखव, भाषण नको.

जाता जाता एक. त्या वर्षी फिल्मफेअरचं संगीताचं पारितोषिक 'जूली'साठी राजेश रोशनना गेलं आणि 'शोले'ला मिळालं ते एकच, संकलनाचं, आपल्या एम. एस. शिंद्यांना. त्यामुळे पुरस्कारांचा आधार कुणीही घेऊ नये. 'पाकीजा'ला डावलून 'बेईमान'ला संगीताचं पारितोषिक दिलं म्हणून प्राणने 'बेईमान'साठीचं स्वतःचं पारितोषिक नाकारलं होतं, हे सांगितलंस तर तो विषय तिथेच मिटेल.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट: तुम्ही ऐकवणार कुठली प्रत? नेटवर सापडणारी निम्मी जुनी गाणी मूळ स्वरूपात नसतात. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांवर इलेक्ट्रॉनिक ठेका चढवून 'झंकार बीट्स' म्हणून विकायचे. मूळ तबला-ढोलकावर प्लास्टिकच्या डब्यासारखा आवाज ऐकू आला, वर सगळीकडे घुमारा असला, तर ती प्रत बाद. शंका असेल तर लॅपटॉपवर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघड, 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' कर, दोनपैकी एक ट्रॅक निवडून 'इन्व्हर्ट' दे आणि दोन्ही एकत्र वाजव. दोन्ही बाजू सारख्या असतील, म्हणजे प्रत खरी मोनो असेल, तर जवळपास शांतता होते. खरी स्टिरिओ असेल तर मधोमध असलेला गायकाचा आवाज जातो आणि कडेची वाद्यं राहतात. मोनो गाणं म्हणून घेतलंस आणि मागे नुसता ठेका आणि घुमाराच उरला, तर तो नंतर चिकटवलेला. एमपीथ्री असेल तर थोडी खरखर मागे राहतेच, तिने फसू नकोस. आणि एक बाजू जरा मोठी असेल तरी गाणं पुसट ऐकू येत राहतं, आधी दोन्हींची पातळी सारखी कर. चढवलेला ठेकाही मोनोच असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कानावरच भिस्त.

दुसरी गडबड पट्टीची, म्हणजे सुराच्या उंचीची. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडचं टीव्ही-व्हिडिओ २५ने. टीव्हीसाठी तो सरळ २५ने पळवला की सगळं चार टक्के वेगात जातं, चार मिनिटांचं गाणं साधारण दहा सेकंद आधी संपतं आणि सूर अर्ध्या स्वराहून किंचित कमी चढतो. पेटीवरच्या काळी एकचं गाणं पांढरी दोनच्या जवळ पोचतं. व्हीसीडीवरून उचललेल्या क्लिपांत हे हमखास. आवाज बारीक आणि गाणं घाईत वाटलं तर गायकाला दोष देऊ नका, रेकॉर्डवरून केलेल्या प्रतीशी ताडून बघा. रेकॉर्डवरचं गाणं आणि सिनेमातलं गाणंही कधी वेगळं असतं, एखादं कडवं एकीकडेच मिळतं, तेव्हा लांबीवरून लगेच निष्कर्ष नको.

आणि वाजवताना दोन्ही गाण्यांचा आवाज कानाने सारखा करून घे. नवीन प्रती मुळातच मोठ्या आवाजात केलेल्या असतात, आणि मोठं वाजतं ते माणसाला चांगलं वाटतं. सत्तरचं मोनो हेडफोनवर डोक्याच्या मधोमध गोळा होतं; एका स्पीकरवर लाव, थिएटरात ते पडद्यामागून एकाच बाजूने यायचं.

चोरीचा आरोप येणारच. 'शोले'तल्या 'मेहबूबा'ची चाल डेमिस रुसोच्या 'से यू लव्ह मी'वरून आहे, 'चुरा लिया है'ची पहिली ओळ १९६९च्या 'इफ इट्स ट्यूजडे, धिस मस्ट बी बेल्जियम'च्या गाण्यावरून. नाकारू नकोस, दोन्ही शेजारी शेजारी वाजव. दुसऱ्यात उसनवारी पहिल्या ओळीपुरती आहे. ग्लासवर चमच्याची किणकिण, अंतरा, आशाताईंनी ओळीच्या शेवटी सोडलेला श्वास, हे सगळं इकडचं. 'मेहबूबा'ची बाजू मात्र मी घेणार नाही.

'गमन' (१९७८) विसरू नकोस. जयदेव यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार, 'आपकी याद आती रही'साठी छाया गांगुलींना, आणि 'सीने में जलन'मध्ये आपले सुरेश वाडकर. हॉस्टेलवर मराठी मुली असतील तर 'जैत रे जैत' (१९७७) लाव. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथांची चाल, आणि गाणी गोष्टीत थांबून म्हटलेली नाहीत, ठाकर आदिवासींची गोष्टच त्यांच्यातून पुढे जाते. असा सिनेमा नव्वदमध्ये कुठला, हा प्रश्न मोकळेपणाने विचार. त्यांनी 'रोजा' (१९९२) म्हटलं तर तो देऊन टाक. पहिल्याच सिनेमात रहमानला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ध्वनिमुद्रणाची स्वच्छता त्यांच्याकडे जास्त आहे, हे खरंच आहे. फक्त एवढं विचार की सत्तरमध्ये गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकत्र बसून एका दमात वाजवायचे, एकाचा सूर हुकला की सगळ्यांनी पुन्हा. तो एकत्र वाजण्याचा ताण त्यांच्या गाण्यांत कुठे ऐकू येतो?

ऑडॅसिटी जमलं नाही तर रविवारी फोन कर, स्क्रीन शेअर करून दाखवते.

तुझी,
आई