वायर बदला, डिस्क नको

अंबाजोगाई

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही सगळ्याला 'हो, हो' म्हणता आणि मग भलतंच बटण दाबता, म्हणून लिहून पाठवतेय. मोठ्या अक्षरात छापून घ्या, कॉम्प्युटरपाशी ठेवा.

हार्ड डिस्क आठ दिवसांपासून दिसत नाही, हे मला आईकडून कळलं. "त्यायचं जेवणात ध्यानच न्हाई," म्हणाली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्यातच आहेत, तेव्हा तुमचा जीव खालीवर होणारच. पण दुकानदार 'फॉरमॅट मारू, चालू होईल' म्हणाला, तेव्हा तरी फोन करायचा की! चालू झालीही असती, पण रिकामी.

आईने पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. डिस्कचा दिवा लागलाय, म्हणजे वीज पोचतेय. पण वायर तिची नाही, बाबा. मूळ वायर काळी, आखूड. टोक रुंद, चपटं, मधे खाच. तुम्ही लावलीय ती जुन्या मोबाइलच्या चार्जरची. ती डिस्कच्या भोकाच्या मोठ्या अर्ध्या भागात बरोब्बर बसते, तिथेच माणूस फसतो. काही चार्जिंगच्या वायरींत नुसत्या विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. दिवा लागतो, कॉम्प्युटरला पत्ता नाही. माझा संशय तिच्यावरच आहे.

मूळ वायर शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बघा, दिवाळीला मीच रबर लावून ठेवली होती. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावा. पुढचं यूएसबी ढिलं झालंय. निळं भोक असेल तर तेच घ्या. साध्या यूएसबी २.० मधून ५०० मिलीअँपिअर मिळतात, निळ्या ३.० मधून ९००, आणि डिस्क फिरायला लागताना जास्त ओढते.

तरी नाही दिसली तर आई, तू कान लाव, बाबांना ऐकू येत नाही (येतं म्हणतात). बारीक घूं असा आवाज आला तर बरंय. पाल चुकचुकल्यासारखी टकटक झाली, तर लगेच काढ आणि परत लावू देऊ नकोस. आतला हेड (तबकडीवरचं वाचणारा भाग) बिघडला असेल, तर चालवत राहिल्याने तबकडीवर ओरखडे पडतात.

आवाज चांगला असेल तर विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. आपल्याकडे 'डिस्क ०' ही कॉम्प्युटरची स्वतःची, तिला हात नको. खाली 'डिस्क १' असेल, नुसतं तिच्यापुढे D:, E: असं अक्षर नसेल, तर ते फोनवर बोलत देऊ. 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' विचारलं तर कॅन्सल. पुन्हा विचारलं तरी कॅन्सल.

लाईट जायच्या वेळेला यात पडू नका, सकाळी करा.

योगेश्वरीच्या मार्गशीर्षातल्या नवरात्राला येतेय, तेव्हा दुसरी डिस्क आणते. ओव्या दोन्हीत ठेवू, एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे.

वायर सापडली की आईनेच फोन करावा. बाबांनी केला तर 'सगळं व्यवस्थित आहे' एवढंच ऐकायला मिळेल.

तुमची,
ताई