अँजिओप्लास्टी झालेल्याच्या भावंडांनाही बोलवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

चाळिशीत हार्ट अटॅक आलेला रुग्ण समोर असला की मी त्याच्या घरच्यांना विचारते, आणखी कुणाला आहे का? बरेचदा उत्तर येतं, "आमच्यात हार्टचं आहेच, डॉक्टर. वडील असेच गेले, मोठे काकाही." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसते. घरातला कर्ता माणूस लवकर जायचाच, हे त्यांनी धरून ठेवलेलं असतं. ते तसं धरून चालायचं कारण नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

अशा काही घरांत मूळ कारण असतं जन्मापासूनचं जास्त कोलेस्टेरॉल, म्हणजे फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया. आम्ही त्याला एफएच म्हणतो. रक्तातलं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल, उचलून घेणं हे यकृताचं काम. त्या कामाचं जनुकच सदोष आलं, तर एलडीएल पाळण्यात असल्यापासून रक्तात साचत राहतं. आई किंवा वडील, एकाला जरी असलं तरी प्रत्येक मुलाला ते येण्याची शक्यता निम्मी. यात तेलातुपाचा दोष नसतो. दिवसभर रानात राबणारी, भाकरी-कालवण खाणारी काटक बाईसुद्धा यातून सुटत नाही. उपचार मिळाले नाहीत, तर अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो.

हा आजार दुर्मीळ, असा समज आम्हा डॉक्टरांतही आहे. आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात पाचशेत एक असं प्रमाण होतं. २०२० मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र करून काढलेलं प्रमाण मात्र साधारण ३११ जणांत एक असं आलं, आणि कमी वयात हृदयधमन्यांचा आजार झालेल्यांमध्ये तर सुमारे १५ जणांत एक. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीला आपल्या राज्यात ९ कोटी ७० लाखांच्या आसपास मतदार होते. जगाचंच प्रमाण लावलं तरी त्यांतले तीन लाख होतात. मतदान केंद्राच्या यादीत सरासरी हजारभर नावं धरा. प्रत्येक यादीत तिघं. आपल्या मतदारसंघातल्या याद्याही याला अपवाद नसणार.

शिवाय आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. नात्यात लग्न झालं की एकाच घराण्यातला हा दोष दोघांतही असू शकतो. तसा तो असला, तर चारांतल्या एका मुलाला तो दोन्हीकडून येण्याची शक्यता असते. अशा मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळसर गाठी येतात. घरचे त्यांना त्वचेच्या डॉक्टरकडे नेतात. गाठींवर मलम लावलं जातं, आणि धमन्या मात्र शाळेच्या वयातच बुजू लागतात. यासारखं दुःखाचं दुसरं काही मी माझ्या व्यवसायात पाहिलेलं नाही.

सरकार या घरांच्या दारापर्यंत आधीच पोचलेलं असूनही हे घडतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका मोजणारी प्रश्नावली, भरतात. आईवडील किंवा भावंडांना बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, हा प्रश्न त्यात आहे. "हो" म्हटलं की दोन गुण धरले जातात. पुढे बीपी बघतात, शुगर बघतात, कर्करोगाची तपासणी होते. कोलेस्टेरॉलची तपासणी त्या यादीत नाही. हेच महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं. स्टेंटचा खर्च शासन करतं आणि त्याबद्दल कितीतरी घरं मनापासून ऋणी आहेत. पण रुग्णासोबत डबा घेऊन आलेला धाकटा भाऊ तपासणीविना घरी जातो. काही वर्षांनी त्याच वॉर्डात त्याच्यावरही तोच खर्च होतो. तोही तो वेळेत पोचला तर.

माझं मागणं एवढंच आहे. योजनेतून पंचावन्नच्या आतल्या पुरुषाची किंवा साठीच्या आतल्या स्त्रीची अँजिओप्लास्टी वा बायपास झाली, की त्यांच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांची लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, मोफत करावी. मोठ्या माणसाचं एलडीएल १९० च्या वर किंवा मुलाचं १६० च्या वर निघालं, तर पुढचा तपास करून त्यांच्याही नात्यातल्यांना बोलवावं. सीबॅकमध्ये हृदयविकाराला "हो" म्हणणाऱ्यांचीही हीच तपासणी व्हावी. स्लोव्हेनियासारखा वीस लाखांचा देश १९९५ पासून पाच वर्षांच्या मुलांचं कोलेस्टेरॉल तपासतो आहे. आपल्याच कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सांगितलं आहे की पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी व्हावी, आणि घरात कमी वयातला हृदयविकार किंवा एफएच असेल तर त्याहूनही आधी. कोलेस्टेरॉल कमी करणारं अॅटोरव्हास्टॅटिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. रोजची गोळी आहे, जेनेरिकमध्ये स्वस्त मिळते. फक्त ती प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने शिल्लक असायला हवी.

सगळ्या राज्यात एकदम जमणार नसेल, तर एका जिल्ह्यात सुरुवात करावी. त्यात आम्हा खासगी डॉक्टरांनाही घ्यावं. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अशा घरांना मी त्यांच्या संमतीने आरोग्य केंद्राशी जोडून देईन.

कळावे,
आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारी एक डॉक्टर